दमा सांभाळताना फोन, सेन्सर आणि अ‍ॅप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर दोन शब्द पुन्हा पुन्हा येतील. रोजचा पंप म्हणजे श्वासनलिकांची सूज कमी ठेवणारा पंप. त्यात ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनसारखे औषध असते आणि बरे वाटत असतानाही तो घ्यायचा असतो. तातडीचा पंप म्हणजे धाप लागल्यावर नलिका झटकन मोकळ्या करणारा, बहुधा सालब्युटामॉल किंवा लेव्होसालब्युटामॉलचा. पंपाच्या रंगावर विसंबू नका, कंपनी बदलली की रंगही बदलतो. डबीवरचे औषधाचे नाव वाचा.

फोनमुळे दमा आटोक्यात येतो का?

नाही. दमा आटोक्यात येतो तो रोजचा पंप नीट ओढल्याने आणि तो न चुकवल्याने. फोनचे काम त्याहून साधे आहे: जे डोक्यात राहत नाही ते टिपून ठेवायचे. डॉक्टरांनी "कसं चाललंय?" विचारले की आपण "बरं आहे" म्हणतो, कारण आदल्या दोन दिवसांत बरे असते. गेल्या महिन्यात किती रात्री खोकल्याने उठून बसावे लागले, तातडीचा पंप किती वेळा काढला, हे कुणालाही नेमके आठवत नाही. दमा मात्र बऱ्याचदा अटॅकच्या काही दिवस आधीपासून इशारे देत असतो. सकाळचा पीक फ्लो, म्हणजे जोराने फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते तो आकडा, उतरू लागतो, रात्री जाग येते, तातडीच्या पंपाचे पफ वाढतात. हे कागदावर किंवा पडद्यावर दिसले तर वेळेत पावले उचलता येतात.

आठवण करून देण्याचा उपयोग होतो, याला पुरावा आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला ६ ते १५ वर्षांच्या २२० मुलांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या पंपावर नोंद ठेवणारे यंत्र होते, पण निम्म्यांच्याच यंत्रातून आठवणीचा आवाज यायचा. आवाज येणाऱ्या मुलांनी ठरलेल्या डोसपैकी साधारण ८४ टक्के घेतले, बाकीच्यांनी ३० टक्के. दुसरा आकडा जास्त बोलका आहे. आठवण नसेल तर तीन डोसांतले दोन राहतात, आणि डॉक्टर मात्र "औषध लागू पडत नाही" असे समजून डोस वाढवतात.

सुरुवातीला नेमके काय घ्यावे?

एक पीक फ्लो मीटर, एक स्पेसर (फवाऱ्याचा पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) आणि हातात असलेलाच फोन. सेन्सर, स्मार्टवॉच, हवा मोजणारे यंत्र हे सगळे नंतरचे, आणि बहुतेकांना त्याची गरज पडत नाही.

साधा पीक फ्लो मीटर म्हणजे आत सरकणारा काटा असलेली प्लास्टिकची नळी. आपल्याकडे सिप्लाचा ब्रेद-ओ-मीटर बहुतेक औषध दुकानांत काही शे रुपयांत मिळतो. लहान मुलांसाठी कमी पल्ल्याचा मीटर मागून घ्या. मोठ्यांच्या मीटरवर त्यांचा काटा पट्टीच्या तळाशीच घुटमळतो. ब्लूटूथवाले डिजिटल मीटर आकडा आपोआप साठवतात, लिहिण्याचा कंटाळा असणाऱ्याला ते बरे. पण दोन वेगवेगळ्या मीटरचे आकडे एकमेकांत मिसळू नका. त्याच माणसाची तीच फुंकर दोन मीटरवर वेगळी दिसू शकते. मीटर बदलला की नोंद नव्याने सुरू करायची.

डॉक्टरांकडे असतो तो स्पायरोमीटर वेगळा. त्यावर संपूर्ण फुंकरीचा आलेख निघतो आणि पंप देऊन पुन्हा तपासले की सुधारणा किती झाली तेही कळते. सिप्लाने २०२१ मध्ये आणलेल्या स्पायरोफायसारख्या लहान वायरलेस यंत्रांमुळे ही तपासणी आता छोट्या दवाखान्यातही होते. दमा आहे की नाही हे ठरवायला ती एकदा तरी झालेली असावी. घरचा पीक फ्लो मीटर तिची जागा घेत नाही.

पीक फ्लो कसा मोजायचा?

१. काटा शून्यावर आणा. उभे राहा. उभे राहणे जमत नसेल तर ताठ बसा, पण रोज एकाच पद्धतीने.
२. मीटर आडवा धरा. काट्याच्या खाचेवर किंवा मागच्या छिद्रांवर बोट येऊ देऊ नका.
३. छाती भरेल इतका श्वास घ्या, लगेच नळीभोवती ओठ घट्ट मिटा आणि जोरात, एका झटक्यात फुंका. फुंकर लांबवायची गरज नाही, पहिला झटकाच मोजला जातो.
४. काटा पुन्हा शून्यावर आणून असे तीनदा करा. सर्वांत मोठा आकडा लिहा. सरासरी काढू नका.

तिन्हींपैकी दोन मोठ्या आकड्यांत ४० लिटर प्रति मिनिटापेक्षा जास्त फरक असेल तर कुठेतरी चुकले आहे, आणखी एकदा फुंका. सगळ्यांत जास्त फसवणारी चूक म्हणजे थुंकल्यासारखी किंवा गालांनी मारलेली फुंकर. जीभ नळीच्या तोंडाशी येते, दाब साठतो आणि आकडा खोटाच मोठा येतो. मुले हे खेळ म्हणून फार लवकर शिकतात. उलट ओठांच्या कडेने हवा सुटली किंवा श्वास अर्धाच भरला तर आकडा लहान येतो.

वेळ: सकाळी उठल्यावर पंप घेण्याआधी, आणि संध्याकाळी. तातडीचा पंप घेतल्यावर मोजले असेल तर आकड्यापुढे तशी खूण करा, नाहीतर त्या दिवशीचा आलेख उगाच छान दिसतो.

आकडा मिळाला, पण तो चांगला की वाईट हे कसे ठरवायचे?

इंटरनेटवरच्या उंची-वयाच्या तक्त्याशी तुलना करण्यापेक्षा स्वतःचा सर्वोत्तम आकडा काढा. दमा आटोक्यात असताना दोन-तीन आठवडे रोज दोनदा मोजले तर त्यातला सर्वांत मोठा आकडा तुमचा. समजा तो ४२० आला. त्याचे ८० टक्के म्हणजे ३३६, आणि ५० टक्के म्हणजे २१०. ३३६ किंवा त्याहून वर हिरवा पट्टा: ठरलेले औषध चालू ठेवा. २१० ते ३३६ पिवळा: डॉक्टरांनी पिवळ्यासाठी लिहून दिलेला बदल करा. २१० च्या खाली लाल: तातडीचा पंप आणि लगेच दवाखाना.

बऱ्याच अ‍ॅपमध्ये हे पट्टे आपोआप रंगतात, पण सर्वोत्तम आकडा तुम्हीच भरायचा असतो. तो रिकामा ठेवला तर काही अ‍ॅप तक्त्यातला सरासरी आकडा धरतात. मग ठणठणीत माणूस पिवळ्यात दिसतो किंवा आजारी माणूस हिरव्यात.

दुसरा उपयोगी हिशेब सकाळ-संध्याकाळच्या फरकाचा. दिवसातल्या मोठ्या आकड्यातून लहान वजा करा आणि दोघांच्या सरासरीने भागा. सकाळी ३४०, संध्याकाळी ४०० असेल तर फरक ६०, सरासरी ३७०, म्हणजे साधारण १६ टक्के. एक-दोन आठवड्यांची अशी रोजची सरासरी प्रौढांत १० टक्क्यांच्या आणि मुलांत १३ टक्क्यांच्या वर राहिली तर नलिका जास्त चिडलेल्या आहेत असे धरतात. स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र एकदा टाकले की पुन्हा बघायला नको.

पिवळ्या पट्ट्यात नेमके काय करायचे हे अ‍ॅप सांगत नाही, आणि सांगत असेल तर ऐकू नका. ते तुमच्या डॉक्टरांनी एका कागदावर लिहून द्यायचे असते: कोणता पंप, किती पफ, किती दिवस, कोणत्या आकड्याला फोन, कोणत्या आकड्याला थेट दवाखाना. तो कागद मागून घ्या, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही पाठवा. हा कागद नसताना घेतलेला महागडा सेन्सर नुसते आलेख काढत बसतो.

मग आयुष्यभर रोज दोनदा फुंकत बसायचे?

नाही. सुरुवातीचे काही आठवडे, औषध बदलल्यावर दोनेक आठवडे, सर्दी-खोकला झाल्यावर, आणि तुम्हाला त्रास होतो त्या ऋतूत एवढे पुरते. अपवाद अशा लोकांचा, ज्यांना नलिका बऱ्याच आवळल्या तरी धाप जाणवत नाही. वयस्कर लोकांत आणि पूर्वी गंभीर अटॅक आलेल्यांत हे दिसते. त्यांनी रोजची सवय ठेवलेली बरी.

कोणते अ‍ॅप चांगले?

जे तुम्ही दोन महिन्यांनीही उघडाल ते. ज्यात रोज वीस प्रश्न विचारतात ते अ‍ॅप पंधरवड्यात मरते. रोज एवढेच टिपा: सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा, रोजचा पंप घेतला का, तातडीचे पफ किती, रात्री जाग आली का. सहावा रकाना शेऱ्यासाठी: "पाहुणे, उदबत्ती", "मळणीचा भुगा", "जुन्या पुस्तकांची आवराआवर". हे स्प्रेडशीटमध्ये जमते, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेल्या संदेशातही जमते. "१२/७ स ३६० सं ३९० रोज २+२ ता २ रात्र हो" असे रोज एका साच्यात लिहिले तर नंतर शोधायला आणि डॉक्टरांना दाखवायला सोपे जाते.

दर चार आठवड्यांनी अस्थमा कंट्रोल टेस्ट भरा. पाच प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. २० किंवा जास्त म्हणजे दमा आटोक्यात, १६ ते १९ म्हणजे पुरेसा नाही, १५ किंवा कमी म्हणजे अजिबात नाही. आधीच्या वेळेपेक्षा ३ गुणांचा फरक पडला तर तो खरा बदल समजायचा, एखाद्या गुणाने बिचकायचे कारण नाही. ४ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी वेगळी सात प्रश्नांची चाचणी आहे. तिच्यात काही प्रश्न मुलाने सोडवायचे, काही आई-वडिलांनी. तिथे १९ किंवा कमी गुण म्हणजे आटोक्यात नाही.

तातडीच्या पंपाची मोजणी एवढी महत्त्वाची का?

कारण याच आकड्याने धोका सगळ्यांत आधी उघडा पडतो. तातडीचा पंप आठवड्यातून दोनदा, दर वेळी दोन पफ असा लागला तर २०० पफचा कॅनिस्टर, म्हणजे पंपातली औषधाची कुपी, जवळपास वर्षभर पुरतो. तो महिन्याभरात संपत असेल तर तुम्ही दिवसाला सहा-सात पफ घेत आहात. जागतिक दमा मार्गदर्शक संस्था जीना सांगते की वर्षाला असे तीन किंवा जास्त कॅनिस्टर लागणाऱ्यांना अटॅकचा धोका वाढतो आणि बारा किंवा जास्त लागणाऱ्यांत मृत्यूचा. २०१९ पासून जीनाने मोठ्या माणसांत आणि किशोरवयीन मुलांत नुसत्या सालब्युटामॉलवर दमा चालवण्याची शिफारसच बंद केली आहे. सोबत सूज कमी करणारे औषध हवेच.

पंप विकत घेतला की डबीचा फोटो काढा. फोनच्या गॅलरीत तारीख आपोआप राहते. वर्षाचे फोटो मोजले की हिशेब तयार.

काउंटर नसलेला कॅनिस्टर पाण्यात तरंगवून "अजून आहे" ठरवणे विसरा. औषध संपल्यावरही गॅस उरतो आणि फवारा येतच राहतो. रोजच्या पंपासाठी हिशेब सरळ आहे: १२० पफ, सकाळी दोन आणि रात्री दोन, म्हणजे ३० दिवस. पंप सुरू केला त्या दिवशीच कॅलेंडरात २५व्या दिवसाची आठवण टाका.

पंपावर लावायचा सेन्सर घ्यावा का?

हा पंपावर बसणारा छोटा भाग. कॅनिस्टर दाबला की वेळ नोंदवतो आणि ब्लूटूथने फोनला पाठवतो. परदेशात प्रोपेलर आणि हेली ही नावे ओळखीची आहेत. भारतात लुपिनने अ‍ॅधेरो आणला. डोस खरेच चुकतात की औषधच अपुरे पडते, हा प्रश्न अडला असेल तर दोन-तीन महिने सेन्सर लावून बघणे योग्य. नाहीतर दात घासण्याच्या ब्रशशेजारी पंप ठेवणे हा त्याहून स्वस्त उपाय.

घेण्याआधी हे बघा:

तो तुमच्याच पंपावर बसतो का? कॅनिस्टरचा आकार कंपनीगणिक वेगळा असतो. दुकानदाराने पर्यायी कंपनीचा पंप दिला की सेन्सर निकामी. कॅप्सूलमधली पावडर ओढायच्या रोटाहेलरवर तर दाबाचा सेन्सर बसतच नाही.

सेन्सर दाबणे मोजतो, औषध छातीत पोचणे मोजत नाही. पंप हवेत उडवला तरी "डोस घेतला" अशीच नोंद होते. श्वास किती जोराने ओढला हे मोजणारी यंत्रे वेगळी आणि महाग. काही मुले तपासणीच्या आदल्या दिवशी एकामागून एक पफ उडवतात. नोंदीत दोन मिनिटांत वीस पफ दिसले तर ते घेतलेले नाहीत, उडवलेले आहेत.

नवा पंप किंवा बरेच दिवस न वापरलेला पंप सुरू करताना माहितीपत्रकाप्रमाणे काही फवारे हवेत सोडायचे असतात. तेही डोस म्हणून मोजले जातात, ते नोंदीतून काढा.

आणखी एक गोंधळ नेहमीचा. आता बऱ्याच जणांना ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा (सूज कमी करणारे आणि नलिका मोकळ्या करणारे अशी दोन्ही औषधे असलेला) एकच पंप रोज आणि धाप लागल्यावरही घ्यायला सांगतात. सेन्सरला त्यातला कोणता पफ गरजेचा होता हे कळत नाही, ती खूण तुम्हीच करायची. अशा पंपाचे, ज्यात एका पफमध्ये ६ मायक्रोग्रॅम फॉर्मोटेरॉल असते, प्रौढ माणसाने दिवसभरात सगळे मिळून १२ पफ ओलांडू नयेत. तिथवर जाण्याआधीच डॉक्टरांना फोन झालेला असावा. साल्मेटेरॉल असलेला पंप मात्र धाप लागल्यावर असा वापरायचा नसतो. दोन्ही डब्या दिसायला सारख्या, म्हणून नाव वाचाच.

सेन्सर आणि अ‍ॅप कंपनी कधीही बंद करू शकते. अमेरिकेत तेवा कंपनीच्या डिजिहेलरला २०१८ मध्ये मान्यता मिळाली, २०२४ मध्ये ती सगळी मालिकाच बाजारातून गेली. दर महिन्याला नोंदी पीडीएफ किंवा सीएसव्हीमध्ये उतरवून ठेवा.

अलार्म लावला तरी वाजत नाही. का?

बहुतेक वेळा दोष अँड्रॉइड फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या व्यवस्थेचा असतो. बरेच दिवस न उघडलेले अ‍ॅप फोन झोपवून टाकतो. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, मग ते अ‍ॅप, मग बॅटरी, आणि तिथे "अनरिस्ट्रिक्टेड" निवडा. काही फोनमध्ये "ऑटोस्टार्ट" वेगळे सुरू करावे लागते. सूचना दाखवायची परवानगी दिली आहे ना तेही तपासा. सेन्सर जोडला जात नसेल तर अँड्रॉइड १२ किंवा नंतरच्या फोनवर "जवळची उपकरणे" ही परवानगी लागते. त्याआधीच्या फोनवर ब्लूटूथ शोधायला लोकेशन सुरू ठेवावे लागते, लोक तेच बंद करून बसतात.

एवढे करूनही भरवसा नसेल तर फोनच्या घड्याळातला साधा अलार्म सगळ्यांत खात्रीचा. त्याची वेळ अशी ठेवा की तेव्हा तुम्ही पंपाजवळ असाल. सकाळी लोकलमध्ये वाजलेला अलार्म बंद केला जातो आणि विसरला जातो.

पंप ओढायची पद्धत फोनवरून तपासता येते का?

येते, आणि फोनचा हा सगळ्यांत कमी वापरला जाणारा उपयोग आहे. कुणाला तरी बाजूने व्हिडिओ काढायला सांगा: चेहरा, पंप आणि छाती दिसली पाहिजे, आवाज चालू हवा. पंप हलवण्यापासून श्वास सोडण्यापर्यंत न थांबता काढा. एक मिनिट पुरते. तो डॉक्टरांना दाखवा. आपली चूक आपल्याला व्हिडिओतही लगेच दिसते.

फवाऱ्याच्या पंपात बघायचे ते असे: आधी हलवला का, श्वास पूर्ण सोडला का, हळू आणि खोल ओढायला सुरुवात केल्यावर दाबला का, दहा सेकंद श्वास रोखला का, दुसऱ्या पफआधी अर्धा ते एक मिनिट थांबला का. झटक्यात ओढले तर औषध घशावर आपटते. स्पेसर असेल तर एका वेळी एकच पफ. दोन पफ एकदम भरले की बरेचसे औषध भिंतीला चिकटते. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन न पुसता वाळवा, पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध तिथेच धरले जाते.

कॅप्सूलच्या यंत्रात नेमके उलटे: जोरात आणि खोल ओढायचे. व्हिडिओत कॅप्सूल फिरल्याचा खडखडाट ऐकू आला पाहिजे. यंत्रात फुंकर मारली तर पावडर ओलसर होऊन चिकटते. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात कॅप्सूल आदल्या रात्री भरून ठेवू नका, त्या मऊ पडतात. शेवटी कॅप्सूल उघडून बघा. पावडर उरली असेल तर पुन्हा एकदा ओढा. रोजच्या पंपानंतर चूळ भरून पाणी थुंका, नाहीतर तोंडात बुरशी येते आणि आवाज बसतो.

हवेचा आकडा बघून घराबाहेर पडायचे का?

बघा, पण कोणता आकडा बघताय ते ओळखा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे समीर अ‍ॅप आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची सफर सेवा भारतीय एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, दाखवतात. पुण्यात सफर २०१३ पासून आहे, मुंबईत २०१५ पासून. फोनमधली कित्येक हवामान अ‍ॅप मात्र अमेरिकी मोजपट्टी वापरतात. पीएम २.५ चे, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म धूलिकणांचे, प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय एक्यूआय १०० येतो आणि शेजारी "समाधानकारक" लिहिलेले असते. त्याच हवेला अमेरिकी पट्टी १५० च्या वर टाकते आणि "अपायकारक" म्हणते. हवा एकच, म्हणून रोज एकाच अ‍ॅपवर बघा आणि शक्य असेल तर थेट पीएम २.५ चा आकडा वाचा.

दुसरी अडचण: भारतीय एक्यूआय पीएम २.५ साठी २४ तासांची सरासरी धरतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांनी हवा भरलेली असताना अ‍ॅपवर ठीकठाक आकडा दिसू शकतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हवा निवळल्यावरही तो वाईटच दिसतो. सकाळी फिरायला जायचे की नाही यासाठी तासाचा आकडा बघा. हिवाळ्यात पहाटे हवा जमिनीलगत साचते, तेव्हा फिरणे उशिरा ठेवलेले बरे.

शिवाय जवळचे मापन केंद्र दहा किलोमीटरवर असेल तर तुमच्या गल्लीतली कचऱ्याची होळी त्यात येत नाही. उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, फोडणीचा खाट, चूल, भिंतीची ओल, गाजर गवताचे परागकण यांपैकी काहीच एक्यूआयमध्ये वेगळे दिसत नाही. म्हणून नोंदीतला शेऱ्याचा रकाना हवेच्या अ‍ॅपपेक्षा जास्त शिकवतो. घरात पीएम २.५ मोजणारे लेझरचे छोटे यंत्र ठेवले असेल तर लक्षात घ्या की पावसाळ्यात दमटपणा फार वाढला की ते पाण्याचे कणही धूळ म्हणून मोजते.

ऑक्सिमीटर आणि स्मार्टवॉच पुरेसे नाही का?

कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आला आणि दम्याच्या रुग्णांना त्याने खोटा दिलासाही दिला. दम्यात ऑक्सिजन उशिरा घसरतो. नलिका बऱ्याच आवळल्या असतानाही माणूस जोर लावून श्वास घेतो आणि आकडा ९६-९७ राहतो. तोवर पीक फ्लो निम्म्यावर आलेला असू शकतो. त्यामुळे कमी आकडा धोक्याचा, पण चांगला आकडा सुरक्षिततेची हमी नाही. बोट गार असेल, नखाला गडद रंग किंवा काळी मेंदी असेल तर वाचन बिघडते, आणि सावळ्या त्वचेवर ते थोडे जास्तच दिसू शकते.

घड्याळातली नाडी तातडीच्या पंपानंतर वाढते, हातही थोडे कापतात. हा औषधाचा ओळखीचा परिणाम आहे. रात्रीच्या झोपेत किती वेळा जाग आली, हा घड्याळाचा एक बरा उपयोग. फोनच्या माइकमध्ये फुंकून फुप्फुसाची ताकद सांगणाऱ्या अ‍ॅपच्या आकड्यावर डोस बदलू नका.

एआय चॅटला विचारून पंप कमी-जास्त करू का?

नको. रिपोर्टमधल्या शब्दांचा अर्थ समजून घ्यायला, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी करायला तो कामाचा. डोस ठरवायला तुमची छाती कुणीतरी ऐकलेली असावी लागते.

ऑनलाइन डॉक्टर चालतात का?

दमा स्थिर असताना, ठरलेल्या तपासणीसाठी चालतात. सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे. घरून स्वतः सल्ला घेता येतो, किंवा जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातून तिथले कर्मचारी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी जोडून देतात. बोलण्याआधी हाताशी ठेवा: गेल्या चार आठवड्यांचे पीक फ्लोचे आकडे, चाचणीचे गुण, तातडीच्या पफांची संख्या, सगळ्या डब्यांचे फोटो आणि पंप ओढतानाचा व्हिडिओ. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असायला हवा. धाप चालू असताना मात्र व्हिडिओ कॉलच्या रांगेत बसू नका.

अटॅक आला तर फोनचे काय काम?

१०८ लावायचे. बाकी अ‍ॅप बाजूला ठेवा.

एका दमात पूर्ण वाक्य बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, गुंगी येते, तातडीच्या पंपाचा आराम चार तासही टिकत नाही, किंवा पीक फ्लो ५० टक्क्यांखाली आहे: यातले एकही असेल तर वाट बघू नका. रुग्णाला ताठ बसवा, आडवे करू नका. स्पेसरमधून सालब्युटामॉलचा एक पफ, अर्धा ते एक मिनिट थांबून पुढचा, असे दहापर्यंत. अ‍ॅम्ब्युलन्स आली नाही आणि आराम नाही तर दहा मिनिटांनी हेच पुन्हा. छातीतली घरघर अचानक थांबली आणि माणूस थकलेला दिसतो, तर ते बरे होण्याचे लक्षण नसून हवा आत-बाहेर होणेच थांबत असल्याचे असू शकते.

घरात नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारे यंत्र, आहे म्हणून दवाखान्यात जायला उशीर करणे ही वारंवार होणारी चूक. स्पेसरमधून घेतलेला पंप बहुतेक वेळा वाफेच्या यंत्राइतकाच काम करतो, आणि त्याला वीज लागत नाही. वाफ घेऊनही धाप उरली की निघा.

फोनच्या लॉक स्क्रीनवरच्या आपत्कालीन माहितीत "दमा", पंपांची नावे, अ‍ॅलर्जी आणि जवळच्या माणसाचा नंबर भरून ठेवा. पासवर्ड नसतानाही ती दिसते.

मुलांच्या बाबतीत काय वेगळे?

पाच-सहा वर्षांपासून पीक फ्लो जमू लागतो, त्याआधी लक्षणांची नोंदच ठेवा: खेळताना थांबते का, हसल्यावर खोकते का, रात्री खोकते का. किशोरवयीन मुलाच्या सेन्सरची नोंद रागवायला वापरली की तो दुसऱ्या दिवसापासून पंप हवेत उडवायला शिकतो. "रविवारी सकाळचा पफ नेहमी राहतो, वेळ बदलू या का?" असे विचारलेले उपयोगी पडते. शाळेत वर्गशिक्षकांकडे कागदावरचा आराखडा आणि एक जादा तातडीचा पंप द्या, शाळेत फोन चालत नाही.

आजीकडे साधा बटणांचा फोन आहे. मग?

त्यातही रोज वाजणारे दोन अलार्म लागतात. पंपाच्या डबीवर मार्करने सुरू केल्याची तारीख लिहा, कॅलेंडरच्या चौकोनात तातडीच्या पफांच्या रेघा मारायला सांगा, आणि दर रविवारी फोन करून नातवाने त्या रेघा विचारून स्वतःच्या फोनमध्ये भराव्यात. सांध्यांमुळे पंप दाबला जात नसेल तर डॉक्टरांना सांगून यंत्राचा प्रकार बदलून घ्या.

माझी माहिती कुठे जाते?

अ‍ॅपने लोकेशन मागितले तर कशासाठी ते वाचा. हवेच्या आकड्यासाठी "वापरताना" एवढी परवानगी पुरते. दम्याच्या अ‍ॅपला संपर्कयादी लागत नाही, मागितली तर नाकारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दिलेली संमती मागे घेण्याची आणि माहिती पुसून टाकायला सांगण्याची तरतूद आहे, १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. नुसते अ‍ॅप काढून टाकल्याने कंपनीकडची माहिती जात नाही. आधी नोंदी उतरवून घ्या, मग अ‍ॅपच्या आतून खाते बंद करा, मग अ‍ॅप काढा.

आभा क्रमांक, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक, १४ आकडी असतो आणि तो काढणे ऐच्छिक आहे. जोडलेल्या दवाखान्यातले रिपोर्ट त्यावर एकत्र दिसतात, गाव बदलले तर ते सोयीचे. घरच्या पीक फ्लोच्या नोंदी मात्र बहुधा तुम्हालाच पीडीएफ करून त्यात टाकाव्या लागतील. फाइलच्या नावात महिना आणि वर्ष लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी सगळ्या फाइली सारख्याच दिसतात.